सॉकेट दोनच आणि कॉम्प्युटर सहा: एका खोलीत वीज सुरक्षितपणे कशी पुरवायची?

दहावी-बारावीचे निकाल लागले की गावोगावच्या सेवा केंद्रांत पाय ठेवायला जागा उरत नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, प्रवेशाचे अर्ज असं सगळं एकदम येतं. त्याच्या पाठोपाठ पीकविम्याची मुदत येते आणि रांग दारापर्यंत जाते.

बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातलं नांदूरघाट घ्या. अशा गावात दहा बाय बाराच्या गाळ्यात केंद्र सुरू करणाऱ्याकडे सुरुवातीला एक-दोन कॉम्प्युटर असतात. काम वाढतं तसे ते चार होतात, मग सहा. लेझर प्रिंटर येतो, झेरॉक्स मशीन येतं. भिंतीवरचे सॉकेट मात्र गाळा बांधला तेव्हाचेच राहतात: एक दिव्याच्या बोर्डावर आणि एक टेबलाच्या मागे. मग एक्स्टेंशन बोर्डात दुसरा बोर्ड, त्यात मल्टीप्लग, त्यात चार्जर असं जाळं तयार होतं. सगळं चालू असतं, म्हणून सगळं ठीक आहे असंही वाटतं.

हीच गोष्ट टायपिंगच्या इन्स्टिट्यूटमध्ये, २००१ साली सुरू झालेल्या एमएस-सीआयटीच्या वर्गांत, शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत आणि दोन मुलं शिकत असलेल्या घरातही दिसते. जागा एक, यंत्रं अनेक आणि सॉकेट कमी. अशा ठिकाणी नेमका धोका कुठे असतो, हिशेब कसा करायचा आणि वायरमनला नेमकं काय सांगायचं, ते या लेखात पाहू.

थोडक्यात सांगायचं तर

- सॉकेटची भोकं मोजू नका, अँपिअर मोजा.
- नुसते कॉम्प्युटर फार वीज घेत नाहीत. लेझर प्रिंटर, झेरॉक्स, इस्त्री, किटली ही यंत्रं त्याच बोर्डावर आली की तार तापते.
- एका भिंतीच्या सॉकेटला एकच एक्स्टेंशन बोर्ड. बोर्डाला बोर्ड जोडायचा नाही.
- आर्थिंग नसेल तर बाकी सगळी काळजी अर्धवट राहते.
- चारपेक्षा जास्त कॉम्प्युटर कायमचे असतील तर त्यांच्यासाठी मीटरपासून वेगळी लाइन ओढून घ्या.

भोकं मोजायची नाहीत, मग काय मोजायचं?

आपल्या घरी वीज २३० व्होल्टने येते. सॉकेट दोन प्रकारचे असतात. छोटा तीन पिनांचा सॉकेट ६ अँपिअरचा आणि मोठा, ज्याला बोलताना आपण ‘पॉवर प्लग’ म्हणतो, तो १६ अँपिअरचा. जुन्या बोर्डांवर ५ आणि १५ असे आकडे दिसतात.

व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. त्यामुळे ६ अँपिअरच्या सॉकेटमधून जास्तीत जास्त १,३८० वॅट आणि १६ अँपिअरच्या सॉकेटमधून ३,६८० वॅट घेता येतात. ही शेवटची मर्यादा झाली. दिवसभर चालणारी यंत्रं असतील तर तिच्या ८० टक्क्यांच्या आत राहावं, म्हणजे छोट्या सॉकेटवर साधारण १,१०० वॅट आणि मोठ्यावर साधारण २,९०० वॅट.

एक्स्टेंशन बोर्डाला आठ भोकं असली म्हणून भिंतीतून येणारी वीज आठपट होत नाही. आठही यंत्रांचा प्रवाह शेवटी त्या एका पिनेतून आणि तिच्या मागच्या एका तारेतून जातो. तार तापण्याचा नियमही लक्षात ठेवण्यासारखा आहे: प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. तीन अँपिअरवर जरा कोमट लागणारी पिन सहा अँपिअरवर हात भाजेल इतकी तापू शकते. पिन सैल असेल तर आणखीनच.

कोणतं यंत्र किती वीज घेतं?

प्रत्येक यंत्राच्या मागे किंवा चार्जरवर वॅट किंवा अँपिअर छापलेले असतात. तो आकडा सर्वांत खात्रीचा. अंदाजासाठी ही यादी पाहा:

- ऑफिसच्या कामाचा डेस्कटॉप, एलईडी मॉनिटरसह: १०० ते १५० वॅट
- लॅपटॉपचा चार्जर: ४५ ते ६५ वॅट
- इंकजेट प्रिंटर: १० ते ३० वॅट
- वायफाय राउटर: साधारण १० वॅट
- जुना छताचा पंखा: ७० ते ८० वॅट
- कूलर: १५० ते २५० वॅट
- लेझर प्रिंटर: प्रिंट काढताना ३०० ते ६०० वॅट, रोलर तापताना क्षणभर त्याहून बरेच जास्त
- झेरॉक्स मशीन: १,००० ते १,५०० वॅट
- इस्त्री: ७५० ते १,००० वॅट
- विजेची किटली किंवा पाणी तापवायचा रॉड: १,००० ते १,५०० वॅट
- इंडक्शन शेगडी: १,२०० ते २,००० वॅट

डेस्कटॉपच्या एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ लिहिलेलं असतं, त्याने घाबरून जायचं कारण नाही. ती त्याची देण्याची क्षमता आहे. टायपिंग, अर्ज भरणं, ब्राउझर असल्या कामाला त्यातला थोडाच भाग लागतो. गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड बसवलेला कॉम्प्युटर मात्र वेगळा. तो एकटा ३००-४०० वॅटही घेऊ शकतो.

यादी नीट पाहिली तर एक गोष्ट दिसते. ज्यात काहीतरी तापतं ते यंत्र जास्त वीज घेतं. लेझर प्रिंटर आणि झेरॉक्स मशीनमध्ये शाई कागदावर पक्की करायला रोलर तापवावा लागतो, म्हणून ती या वर्गात मोडतात. खोलीतल्या यंत्रांची वाटणी करताना ‘तापणारी’ आणि ‘न तापणारी’ असे दोन गट आधी पाडायचे.

हिशेब करून पाहू

समजा सहा डेस्कटॉप आहेत, प्रत्येकी १२० वॅटचे. ते झाले ७२० वॅट. राउटर आणि इंकजेट प्रिंटर मिळून ३० वॅट धरा. एकूण ७५० वॅट. २३० ने भागले की ३.३ अँपिअर येतात. ६ अँपिअरच्या सॉकेटला हे सहज झेपेल असं वाटतं.

पण या हिशेबात तीन गोष्टी धरलेल्या नाहीत, आणि गावाकडे त्या तिन्ही एकदम येतात.

पहिली गोष्ट पॉवर फॅक्टरची. स्वस्त एसएमपीएस वीज सलग घेत नाही, हिसक्या-हिसक्याने घेते. त्यामुळे तेवढ्याच वॅटसाठी तारेतून प्रत्यक्षात सुमारे दीडपट प्रवाह वाहतो. म्हणजे ३.३ चे जवळपास ५ अँपिअर झाले. चांगल्या प्रतीच्या एसएमपीएसमध्ये हा दोष सुधारणारं सर्किट असतं, पण असेंबल केलेल्या स्वस्त कॉम्प्युटरमध्ये ते बहुतेक वेळा नसतं.

दुसरी गोष्ट कमी व्होल्टेजची. बल्बचं व्होल्टेज उतरलं की तो मंद होतो आणि कमी वीज घेतो. कॉम्प्युटरचं उलट आहे. त्याला जेवढे वॅट हवेत तेवढे तो घेतोच. व्होल्टेज कमी पडलं की प्रवाह वाढवून घेतो. शेतीपंप सुरू झाले आणि व्होल्टेज १८० वर आलं, तर ५ अँपिअरचे सव्वासहा होतात. छोट्या सॉकेटची मर्यादा इथेच ओलांडली.

तिसरी गोष्ट लाइट परत येते तेव्हाची. तासभर लाइट गेलेली असते, सहाही यूपीएसच्या बॅटऱ्या उतरलेल्या असतात. लाइट आली की कॉम्प्युटर चालवता चालवता त्या बॅटऱ्याही चार्ज व्हायला लागतात. प्रत्येकी ५० वॅट धरले तरी ३०० वॅटची भर पडते. १८० व्होल्टवर एकूण प्रवाह पावणेनऊ अँपिअरच्या घरात जातो.

म्हणजे कागदावर ३.३ अँपिअर दिसणारी मांडणी वाईट दिवशी पावणेनऊवर जाते. म्हणून साधा नियम असा: स्वस्त डेस्कटॉपचे एकूण वॅट २३० ने भागा आणि येणारं उत्तर दुप्पट धरा. ते ६ च्या आत असेल तर छोटा सॉकेट चालेल, नाहीतर १६ अँपिअरचा हवा. १२० वॅटच्या हिशेबाने छोट्या सॉकेटवर चार डेस्कटॉप बसतात, पाचवा काठावर जातो आणि सहाव्यापासून सॉकेट बदलावा लागतो. लेझर प्रिंटर त्यांच्या सोबतीला मुळीच नको, त्याला स्वतःचा सॉकेट द्यावा.

लॅपटॉप असतील तर चित्र बरंच सोपं होतं. सहा लॅपटॉप मिळून ४०० वॅटच्या आत राहतात, त्यांना बॅटरी असल्याने यूपीएसही लागत नाही. नव्याने केंद्र किंवा वर्ग सुरू करणाऱ्याने यंत्रं घेतानाच हा विचार करायला हरकत नाही.

एक्स्टेंशन बोर्ड घेताना आणि वापरताना

एक्स्टेंशन बोर्ड ही तात्पुरती सोय आहे. ती कायमची करायचीच असेल तर निदान पुढच्या गोष्टी पाहून घ्या.

तारेची जाडी वाचा. तारेवर चौरस मिलिमीटरमध्ये आकडा छापलेला असतो. ०.७५ ची तार साधारण ६ अँपिअर, १ ची साधारण १० अँपिअर आणि १.५ ची साधारण १६ अँपिअर वाहून नेते. काहीच छापलेलं नसेल तर ती तार घेऊ नका. आयएसआय चिन्ह पाहा.

तारेत तीन कोर आहेत ना, हे बघा. बोर्डाला तीन भोकं आणि तार मात्र दोन कोरची, असा माल बाजारात मिळतो. त्यातलं वरचं भोक नुसतं शोभेचं असतं.

१६ अँपिअरच्या सॉकेटला बारीक तारेचा बोर्ड लावू नका. ही चूक फार कमी लोकांच्या लक्षात येते. भिंतीमागच्या लाइनला १६ अँपिअरचा एमसीबी असतो. तुमच्या बोर्डाची तार ६ अँपिअरची आहे आणि तिच्यातून १२ जात आहेत, तर एमसीबीच्या दृष्टीने सगळं ठीकच आहे. तो पडणार नाही. तार मात्र तापत राहील. छोट्या सॉकेटवर मोठी पिन बसवणाऱ्या कन्व्हर्टरमध्येही हीच गोची आहे. म्हणून मोठ्या सॉकेटवर लावायचा बोर्ड एक तर १.५ च्या तारेचा असावा किंवा त्याला स्वतःचा फ्यूज अथवा रीसेटचं बटण असावं.

बोर्डाला बोर्ड जोडू नका. प्रत्येक जोडावर पिन थोडी सैल असते आणि सगळा भार पहिल्या बोर्डाच्या पिनेवर येतो. जळलेले बोर्ड पाहिले तर बहुतेकदा पहिल्या पिनेचं प्लास्टिकच वितळलेलं दिसतं.

तार गुंडाळलेली ठेवू नका. वेटोळ्यात उष्णता अडकते. सतरंजीखालून, दाराच्या फटीतून किंवा खुर्चीच्या चाकाखालून तार नेऊ नका. बोर्ड जमिनीवर ठेवला तर फरशी पुसताना पाणी जातं. टेबलाच्या पायाला किंवा भिंतीला हातभर उंचीवर स्क्रूने बसवा.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या का येतात?

कॉम्प्युटरच्या मागच्या पत्र्याला हात लागला की बारीक करंट लागतो, असा अनुभव अनेकांना असतो. ‘थोडाच लागतो, चप्पल घालून बसा’ असं सांगून विषय संपवला जातो. खरं तर यंत्र तुम्हाला सांगत असतं की या खोलीत आर्थिंग नाही.

कारण असं. प्रत्येक एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारं छोटं सर्किट असतं. त्यातले दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांना कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडतात. त्यातून अगदी थोडा प्रवाह पत्र्यावर येतो आणि आर्थिंगच्या तारेतून जमिनीत जावा अशी रचना असते. आर्थिंग नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मं, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास व्होल्टेज उभं राहतं. प्रवाह फार थोडा असल्याने नुसत्या झिणझिण्या येतात.

मात्र सहा कॉम्प्युटर एकाच बोर्डावर असले आणि त्या बोर्डाला आर्थिंग नसलं, तर सहाही पत्र्यांचा हा प्रवाह एकत्र येतो. शिवाय एखाद्या एसएमपीएसमध्ये खरोखर बिघाड होऊन फेज पत्र्याला टेकला, तर सगळ्याच कॅबिनेटवर पूर्ण २३० व्होल्ट येऊ शकतात. पावसाळ्यात ओल्या पायाने आलेल्या मुलाने त्यातल्या कुठल्याही एकाला हात लावणं पुरेसं आहे.

प्लगची वरची पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड का असते, याचं उत्तरही इथेच आहे. ती लांब असते म्हणून प्लग घालताना आर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जातं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटतं. जाड असते म्हणून ती चुकून फेजच्या भोकात जात नाही. ही पिन तोडून किंवा टू पिनचा जोड लावून काम भागवणं म्हणजे सुरक्षेची तारच कापून टाकणं.

आणखी एक जीवघेणा जुगाड होतो. आर्थिंग नाही म्हणून सॉकेटच्या आतच आर्थिंगचा स्क्रू न्यूट्रलला जोडून देतात. झिणझिण्या थांबतात, टेस्टरही शांत राहतो. पण पुढे कधी न्यूट्रलची तार तुटली तर प्रत्येक यंत्राच्या पत्र्यावर थेट फेज येतो. असं कोणी करून दिलं असेल तर ते आजच सोडवून घ्या.

बालाघाटच्या रांगांमुळे बीड जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी जमिनीत मुरूम आणि खडक लागतो. अशी जमीन उन्हाळ्यात वाळली की आर्थिंगची ताकद घटते. म्हणून खड्डा पुरेसा खोल हवा, पाइप किंवा पट्टी गंजलेली नको, आणि उन्हाळ्यात खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावं लागतं. आर्थिंग केलं हे तोंडी ऐकून थांबू नका. वायरमनकडून ते मीटरवर मोजून घ्या.

एमसीबी आणि आरसीसीबी: दोघांची कामं वेगळी

एमसीबी तारेला वाचवतो. भार जास्त झाला किंवा शॉर्टसर्किट झालं की तो पडतो. आरसीसीबी माणसाला वाचवतो. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत आला नाही, म्हणजे तो कुणाच्या तरी अंगातून किंवा पत्र्यातून जमिनीत जातो आहे, हे ओळखून आरसीसीबी क्षणात वीज तोडतो. माणसांच्या संरक्षणासाठी तो ३० मिलिअँपिअरचा घेतात. एक असला म्हणजे दुसरा नको, असं होत नाही.

कॉम्प्युटरच्या खोलीत आरसीसीबी बसवताना एक बारकावा आहे. वर सांगितलेला थोडा थोडा प्रवाह प्रत्येक कॉम्प्युटरमधून आर्थिंगला जात असतोच. एका आरसीसीबीवर पंधरा-वीस कॉम्प्युटर टाकले तर त्यांची बेरीज होऊन तो विनाकारण पडायला लागतो. मग कुणीतरी वैतागून तो काढूनच टाकतं. आठ-दहा कॉम्प्युटरमागे एक आरसीसीबी असा हिशेब ठेवला की ही वेळ येत नाही.

एमसीबी वारंवार पडतो म्हणून मोठा बसवून घेणं ही दुसरी नेहमीची चूक. १.५ च्या तारेवर १० अँपिअरचा आणि २.५ च्या तारेवर १६ अँपिअरचा, अशी जोडी असते. तार तीच ठेवून एमसीबी ३२ चा केला तर पडणं थांबेल आणि भिंतीतली तार जळेल. जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार गुंडाळणं हाही त्यातलाच प्रकार. सगळे कॉम्प्युटर एकदम सुरू केले तेव्हाच एमसीबी पडत असेल, तर एकेक करून सुरू करा आणि वायरमनला ‘सी’ प्रकारचा एमसीबी आहे का विचारा. सुरू होतानाचा क्षणिक झटका तो सहन करतो.

यूपीएस, इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर, स्पाइक गार्ड

यूपीएसवर ‘६०० व्हीए’ लिहिलेलं असलं तरी त्यातून मिळणारे वॅट साधारण ३६० असतात. एक डेस्कटॉप, फार तर दोन, एवढीच त्याची ताकद. लेझर प्रिंटर यूपीएसला किंवा घरच्या इन्व्हर्टरला कधीच लावू नका. रोलर तापताना तो जो हिसका देतो त्याने यूपीएस बंद पडतो आणि सोबत कॉम्प्युटरमधला भरत आणलेला अर्जही जातो.

कॉम्प्युटर चालवायचे असतील तर इन्व्हर्टर साइन वेव्हचा घ्या आणि त्यावरचं बटण ‘यूपीएस’ मोडवर ठेवा, म्हणजे लाइट गेल्यावर कॉम्प्युटर रीस्टार्ट होणार नाहीत. इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होताना पेट घेणारा हायड्रोजन वायू सोडते. तिला बंद कपाटात किंवा एक्स्टेंशन बोर्डाला खेटून ठेवू नका, हवा खेळती राहू द्या. यूपीएसला पुन्हा एक्स्टेंशन बोर्ड लावून त्यावर पंखा आणि दिवा टाकणंही टाळा.

स्पाइक गार्ड व्होल्टेज वाढवत नाही आणि सॉकेटची ताकदही वाढवत नाही. विजेतला अचानक आलेला उंच झटका तो स्वतःवर घेतो, आणि असे झटके घेत घेत झिजतो. त्याच्या संरक्षणाचा मोठा भाग आर्थिंगवर अवलंबून असतो. व्होल्टेज सतत खाली-वर होत असेल तर त्याला स्टॅबिलायझर हाच उपाय.

वायरमनला नेमकं काय सांगायचं?

‘दोन सॉकेट वाढवून दे’ असं सांगितलं तर वायरमन जुन्याच तारेतून फाटा काढून दोन सॉकेट वाढवून देईल. भोकं वाढतील, तार तीच राहील. त्याऐवजी असं सांगा:

- मीटरजवळच्या मुख्य बोर्डापासून कॉम्प्युटरसाठी वेगळी लाइन हवी, २.५ ची तांब्याची तार, सोबत तेवढीच आर्थिंगची तार.
- तिला १६ अँपिअरचा ‘सी’ एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी.
- टेबलाच्या उंचीच्या जरा वर, भिंतीच्या कडेने पट्टी मारून दर दोन-अडीच फुटांवर सॉकेट. म्हणजे एक्स्टेंशन बोर्ड लागणारच नाही.
- लेझर प्रिंटर किंवा झेरॉक्ससाठी दुसरी स्वतंत्र लाइन आणि १६ अँपिअरचा सॉकेट.
- पंखा आणि दिवे या दोन्हींपासून वेगळे. कॉम्प्युटरची लाइन पडली तरी खोलीत अंधार होता कामा नये.
- सगळे कॉम्प्युटर एका जागेवरून बंद करता येतील असा एक स्विच दाराजवळ.

काम परवाना असलेल्या वायरमनकडून किंवा ठेकेदाराकडून करून घ्या. गाळा भाड्याचा असेल आणि मालक भिंत फोडू देत नसेल, तर भिंतीवरून पट्टी मारून ही लाइन ओढता येते. सोडून जाताना काढूनही नेता येते.

बिलावरचा ‘मंजूर भार’ बघितला का?

महावितरणच्या बिलावर मंजूर भार किलोवॅटमध्ये छापलेला असतो. खोलीतल्या सगळ्या यंत्रांची बेरीज त्याहून जास्त होत असेल तर भार वाढवण्यासाठी अर्ज करावा लागतो. मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस वायरही तेवढ्या भाराला पुरेशी हवी.

दुसरा प्रश्न मीटर कोणत्या वर्गातलं आहे याचा. घरगुती मीटरवरून शेजारच्या गाळ्यात केंद्र चालवलं तर तो विजेचा अनधिकृत वापर ठरू शकतो. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अशा वापराची आकारणी दुप्पट दराने होते. घराच्याच एखाद्या भागात छोटा व्यवसाय असेल तर काही मर्यादेपर्यंत घरगुती दराची सवलत असते. तिची सध्याची अट महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या.

वळवाच्या पावसात

मराठवाड्यात एप्रिल ते जून आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात. वीज दूर कुठे पडली तरी तिचा झटका तारांवरून येतो. अशा वेळी स्विच बंद करून भागत नाही, कारण स्विचमधलं अंतर काही मिलिमीटरच असतं. ढग जमायला लागले की प्लग उपसून ठेवा, इंटरनेटची तांब्याची केबलही काढा. गडगडाट डोक्यावर आल्यावर मात्र तारांना हात लावू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं.

या खुणा दिसल्या की थांबा

- प्लग किंवा सॉकेटचं प्लास्टिक पिवळं, तपकिरी किंवा काळं पडलं आहे.
- बोर्डाजवळ जळका किंवा माशासारखा उग्र वास येतो.
- स्विच दाबताना चर्र आवाज येतो किंवा ठिणगी दिसते.
- प्लग आपोआप सैल होऊन खाली लोंबतो.
- प्रिंट देताना दिवे मंद होतात.

महिन्यातून एकदा, काम भरात असताना सगळं बंद करा, प्लग काढा आणि त्याच्या प्लास्टिकला हात लावून पाहा. कोमट असेल तर चालेल, चटका बसत असेल तर त्या सॉकेटवरचा भार लगेच कमी करा. मागे साठलेली धूळ कोरड्या ब्रशने झाडा.

आग लागलीच तर आधी मेन स्विच बंद. विजेच्या आगीवर पाणी टाकायचं नाही. कोरडी वाळू किंवा एबीसी पावडरचं अग्निशामक वापरायचं. दोन किलोचं एक नळकांडं दाराजवळ असावं, टेबलामागे नाही. कुणाला करंट लागून तो चिकटला असेल तर त्याला हात लावू नका. मेन बंद करा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून दूर करा आणि १०८ ला फोन करा. पोलीस आणि इतर आपत्कालीन मदतीसाठी ११२, अग्निशमनासाठी १०१, आणि तार तुटली किंवा खांबावर ठिणग्या पडत असल्या तर महावितरणचा १९१२.

तालुक्याच्या ठिकाणाहून अग्निशमनाची गाडी गावात पोचायला वेळ लागतो. तोवर दहा बाय बाराच्या खोलीतलं काय वाचेल, हे आधी ओढलेली वेगळी लाइन, जमिनीत नीट गेलेलं आर्थिंग आणि दाराजवळचा स्विच ठरवतात. आज एवढं करा: टेबलामागे वाकून बघा, एका सॉकेटवर किती यंत्रं आहेत ती मोजा आणि त्यांचे वॅट कागदावर लिहून काढा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि वायरमनला बोलवायचं की नाही हे त्या कागदावरच कळतं.